मामाकृपा मोटर रिवायंडिंग

मामा, शेवटी तुमची मोटर माझ्या दुकानात आली. तुम्ही घेऊन आला नाहीत, एवढंच काय ते चुकलं.

तुमचा तेरावा होऊन गेला. लोक अजून आईजवळ येऊन बसतात, 'माणूस सोन्यासारखा होता' म्हणतात आणि चहा पिऊन जातात. मी कोपऱ्यात बसून ऐकतो. मला विचारलं तर मी काहीतरी वेगळंच सांगेन याची सगळ्यांना धास्ती आहे, म्हणून मला कुणी विचारत नाही. मामा-भाच्याचं वाकडं आहे हे फाट्यावरच्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक होतं. म्हणून म्हटलं, तुमच्याशीच बोलावं. आपण दोघं एकमेकांशी धड बोललो ते दुकान उघडायच्या आधी. त्यानंतर तुम्हाला जे बोलायचं ते तुम्ही ट्रॉलीतून बोललात आणि मला जे बोलायचं ते मी पाटीवरून बोललो.

मला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी होती. तुम्ही ट्रॅक्टर माझ्या दुकानापुढं थांबवावा, खाली उतरावं आणि चार माणसांदेखत म्हणावं, 'दत्ता, मोटार जळलीय, भरून दे.' जळलेल्या मोटरीत नवी तांब्याची तार घालायची, याला आपल्याकडं मोटर भरणं म्हणतात. त्यातच माझा जन्म चाललाय. तुम्ही असं म्हटल्यावर मी काय बोलणार हेही ठरलेलं होतं. मी हातातलं काम न सोडता म्हणणार होतो, 'आबा, जागा न्हाय. बारामतीला घेऊन जावा.' मामासुद्धा म्हणणार नव्हतो. गावातले लोक म्हणतात तसं आबा म्हणणार होतो. हे वाक्य मी तार गुंडाळताना, जेवताना, एसटीत दांडीला लोंबकळताना म्हणून बघितलंय. आवाज कुठं चढवायचा, कुठं पाडायचा, सगळं बसवलं होतं. आणि तुम्ही उसाला पाणी देता देता बांधावर बसलात, आणि गेलात. मला विचारलं नाही, सांगितलं नाही. हरायच्या आत उठून गेलात.

वरकुट्याच्या तुमच्या अंगणातली ती संध्याकाळ मला जशीच्या तशी आठवते. मी आयटीआय करून भिगवणला उस्तादांकडं काम शिकून आलो होतो. उजनीच्या पाण्यावर ज्यांच्या मोटरी बसलेल्या असतात ते सगळे शेतकरी उस्तादांकडं यायचे, त्यामुळं हाताला काम भरपूर मिळालं होतं. आणि तुम्ही तिकडं बारामतीच्या एमआयडीसीत माझ्यासाठी नोकरी पक्की करून ठेवली होती. आदल्याच आठवड्यात मला मोटारसायकलवर मागं बसवून ती कंपनी दाखवून आणलीत. भोंगा झाला, तशी माणसं मोटारसायकलींवरून आली, ओळीनं गाड्या लावल्या आणि गेटातून आत गेली. तुम्ही देवळाबाहेर उभं राहावं तसे हात जोडल्यागत उभे होता.

"सोमवारी सकाळी गेटवर जायाचं," तुम्ही म्हणालात. "सायबाला सांगितलंय, पोरगं माझंच हाय म्हून."

"मामा, मला न्हाय जायचं. मी फाट्यावर दुकान टाकतोय."

"कसलं दुकान?"

"मोटारी भरायचं."

मामी चुलीपुढं भाकरी थापत होत्या, त्यांचा हात थांबला. तुम्ही तंबाखूची चंची गुंडाळलीत आणि खिशात घातलीत. तुम्ही तंबाखू न खाता चंची परत खिशात घातली की काय होतं हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

"धंदा मला शिकवू नगंस," तुम्ही म्हणालात. "माझ्या बापाचा धंदाच हुता. एवढी मेंढरं हुती, आमी कोकणापतूर चारून आणायचो. एक पावसाळा असा आला, रोग शिरला, आन् वाडा मोकळा. सकाळी उठून बघावं तर नुसत्या लेंड्या. म्हून मी साखर कारखान्यात चिकटलो. पगाराला पाऊस लागत न्हाय, लेका."

"मोटारींनापण लागत न्हाय, मामा. लाइट जाती-येती, व्होल्टेज पडतं, मोटारी जळतच राहणार. काम कमी पडायचं न्हाय."

"आन् माझा शब्द गेलाय तितं, त्याचं काय? शब्द काय मोटार हाय व्हय, जळला की भरून आणायला?"

याचं उत्तर मला नंतर रोज सुचत गेलं. मेंढरं मेली म्हणून तुम्ही कारखान्यात गेलात, पण झोपेत अजून तोंडानं आवाज काढून मेंढरं हाकता, हे मामींनीच सांगितलं होतं. ते तुम्हाला तिथंच सुनवायला हवं होतं. आणि दुसरं म्हणजे, मला हा नाद लावला कुणी? मी शाळकरी असताना तुमची मोटर जळली, ती तुम्ही गाडीत टाकली, वर मला बसवलं आणि भिगवणला उस्तादांकडं नेलं. तुम्ही स्टँडवर मासे खायला गेलात आणि मी दिवसभर त्यांच्या दुकानात उभा. काळी पडलेली तार उपसून बाहेर येत होती आणि तिथं नवी, लालसर, चकचकीत तार बसत होती. व्हार्निशचा तो वास मी नाकात भरून घरी आणला. 'पोराला बघू द्या उस्ताद, त्याला लई चौकशा,' असं तुम्हीच म्हणाला होता. मग चौकशा करून पोरगं कुठं जाणार होतं, भोंग्याला? आधी हात धरून आत नेलंत आणि आत रमलो म्हणून कान धरलात. हा न्याय मला कळला नाही, अजूनही कळलेला नाही.

आता नारळाचं बोलू. ते टाळून पुढं जाता येत नाही.

आईनं हट्ट धरला होता, दुकानाचा पहिला नारळ मामाच्याच हातचा. तिनं स्वतः बाजारातून नारळ आणला. मी म्हटलं, ते येणार नाहीत. पण तुम्ही आलात. धुतलेलं धोतर, गुलाबी पटका, हातात कापडी पिशवी. मला इतका आनंद झाला की मी तुमच्या पाया पडलो, आणि तुम्ही डोक्यावर हात ठेवलात. हे मी विसरलेलो नाही. विसरता आलं असतं तर पुढचं इतकं लागलं नसतं. भिगवणहून उस्ताद आले होते, शेजारचा चहावाला, फाट्यावरची चार-दोन माणसं. आई कुंकवाचं ताट धरून उभी. तुम्ही नारळ घेतलात, सगळे करतात तसा कानाशी नेऊन हलवलात. पुन्हा एकदा हलवलात. माझ्याकडं बघितलंत. आणि म्हणालात,

"चालणाऱ्या गोष्टीपुढं नारळ फोडत्यात. बंद पडायचंय त्याच्यापुढं कशाला वाया घालवा?"

नारळ पिशवीत टाकला आणि चालू लागलात.

कुणीतरी हसलं. कोण ते मी मुद्दाम बघितलं नाही, नाहीतर त्याच्याशीही वैर धरावं लागलं असतं. आईच्या हातातलं ताट तसंच राहिलं. उस्ताद पुढं आले, टेबलावर हात मारला आणि म्हणाले, "चल दत्ता, कामाला लाग." दुकान असं सुरू झालं. त्या दिवसापासून माझ्या दुकानात नारळ फुटला नाही. दसऱ्याला हत्यारं पुजायची म्हणून आई दरवर्षी नारळ घेऊन यायची आणि मी दरवर्षी तिला तो परत घरी न्यायला लावायचो. पहिला फुटला नाही तर दुसरा कुठून फोडायचा? फोडायचा असेल तर ज्यानं नेला त्यानं येऊन फोडावा.

त्याच आठवड्यात पेंटर पाटी रंगवायला आला. नाव काय टाकू म्हणाला. मी म्हटलं, 'मामाकृपा मोटर रिवायंडिंग वर्क्स'. अक्षरं एवढी मोठी काढ की ट्रॅक्टरवरून वाचता आली पाहिजेत. पेंटर म्हणाला, लोक आईवडिलांची कृपा लिहितात, देवाची लिहितात, मामाची लिहिणारा पहिलाच बघतोय, लई जीव दिसतोय मामावर. मी म्हटलं, लई. गावात सगळ्यांना कौतुक वाटलं. आईसुद्धा भोळी, तिला वाटलं पोरानं मन मोठं केलं. ती पाटी म्हणजे थोबाडीत मारली आहे हे तुम्हाला आणि मला, दोघांनाच कळलं.

आणि तुम्ही उत्तर दिलंत. वरकुट्याहून बारामतीला जायचं तर माझ्या फाट्यावरूनच जावं लागतं. बाजारच्या दिवशी तुमचा ट्रॅक्टर यायचा, आणि मागच्या ट्रॉलीत, भाजीच्या पाट्यांच्या शेजारी, सगळ्यांना दिसेल अशी उघडी मोटर. जळकी. बारामतीला भरायला चालली आहे हे कुणीही ओळखावं. दुकान जवळ आलं की तुम्ही वेग कमी करायचा, हॉर्न द्यायचा, आणि मान पलीकडं फिरवायची. पलीकडं बघण्यासारखं काही नसायचं. एक चिंच आणि मोडकी टपरी. पण तुम्ही त्या टपरीकडं अशी नजर लावायचा की जणू तिथं तुमची पोरगी नांदतेय. माझ्या दुकानात बसलेली गिऱ्हाइकं माझ्याकडं बघायची. एकदा एकानं विचारलंच, "सख्खा मामा बारामतीला जातुय, म्हंजी काय गडबड हाय का रं तुझ्या कामात?" त्याला मी चहा पाजला.

भाऊबिजेला मात्र तुम्ही न चुकता आईकडं यायचा. पहिल्या वर्षी आईनं चहा टाकला, तर तुम्ही पिशवीतून साखरेची आणि चहापत्तीची पुडी काढून तिच्या हातात दिलीत. "ह्याचा कर." ती म्हणाली, "दादा, घरात हाय की." तुम्ही म्हणालात, "घरातलं धंद्याचं हाय. माझं पगाराचं हाय." दूधसुद्धा आणायचा किटलीतून. आई रडत रडत तुमच्याच साखरेचा चहा तुम्हाला द्यायची आणि तुम्ही फुर्र करून प्यायचा. मी आतल्या खोलीतून ते फुर्र ऐकायचो. बहिणीनं ओवाळायचं ते तुम्ही घ्यायचा, ताटात ओवाळणी घालायचा, आणि भाच्याच्या घरचं पाणी न पिता उठायचा. माझ्यावरचा राग तिच्यावर का काढलात? हे एक मी तुम्हाला माफ करणार नाही. तुम्ही गेलात म्हणून तर मुळीच नाही.

पण एक सांगतो, कारण खोटं बोलायला आता समोर कुणी नाही. माझं दुकान तुमच्यावरच्या रागावर चाललं. दुपारी बाकीची दुकानं मिटायची, मी मिटलं नाही, कारण त्या वेळी तुम्ही जाल आणि तुम्हाला फळी लागलेली दिसेल. हाताखालून गेलेल्या प्रत्येक मोटरीकडं मी असं बघायचो की ही उद्या बारामतीच्या त्या कारागिरापुढं उघडली गेली तर त्यानं तोंडात बोट घालावं. तुमची मोटर भरणारा तो बारामतीचा कारागीर! त्याला मी न बघताच इतक्या शिव्या दिल्यात की त्याला उचक्या लागून तो आजारी पडला असेल. व्हार्निश नीट वाळल्याशिवाय मी मोटर हातातून सोडली नाही, गिऱ्हाईक कितीही ओरडलं तरी. माझी मोटर परत येत नाही असं लोक म्हणू लागले. इंदापूरच्या बाजूनं गिऱ्हाइकं यायला लागली, पार पळसदेवपासून. मग एक दिवस ज्या कंपनीच्या गेटवर तुम्ही मला उभं केलं होतं तिथल्याच मोटरी माझ्याकडं भरायला आल्या. मी त्या आत घेतल्याच नाहीत. बाजारच्या दिवसापर्यंत रस्त्याच्या कडेला मांडून ठेवल्या, कंपनीचं नाव तुमच्याकडं करून. तुम्ही आलात, हॉर्न दिलात आणि टपरीकडं बघत निघून गेलात. मी त्या रात्री जेवलो नाही. एवढं मोठं काम मिळालं, पण तुम्ही न बघितल्यामुळं ते मिळाल्यासारखं वाटलंच नाही.

तुमच्या बापूचा फोन शेजारच्या एसटीडी बूथवर आला. बूथवाला धावत आला, "दत्ता, तुझा मामा..." म्हणाला आणि थांबला. माझ्या मनात पहिलं काय आलं माहीत आहे? मोटर घेऊन आले. हातातली तार तशीच टाकून मी रस्त्यावर बघितलं. रस्त्यावर कुणी नव्हतं.

तुमच्या तिरडीला मी खांदा दिला. भाचा म्हणून द्यावाच लागतो. आणि तुमची मान तिथंसुद्धा पलीकडं कललेली होती. मी ज्या बाजूला उभा होतो, बरोबर त्याच्या उलट. कुणीतरी ती सरळ केली, उचलताना ती पुन्हा कलली. मला तिथं हसू आलं, मामा. मी तोंडाला टॉवेल लावला आणि लोकांना वाटलं भाचा कोसळला. खरं सांगायचं तर दोन्ही होत होतं.

दहावा झाला आणि दुसऱ्या दिवशी तुमचा ट्रॅक्टर माझ्या दुकानापुढं थांबला. तुमचाच ट्रॅक्टर, तुमचीच ट्रॉली, आणि ट्रॉलीत ती मोटर. चालवत बापू होता, डोकं तासलेलं, कान बाहेर आलेले. मी उभा राहिलो. इतकी वर्षं घोकलेलं वाक्य घशापर्यंत आलं.

"दत्तादादा," बापू म्हणाला, "आईनं पाठवलीय. म्हनली, दत्ताला दे. भरू दे न्हायतर न भरू दे."

माझं ते वाक्य बापूसाठी केलेलं नव्हतं. तासलेल्या डोक्याच्या पोराला 'आबा' कसं म्हणायचं? मी म्हटलं, "ठेव तितं."

त्यानं ठेवली. मी तिथंच बसून तिचे नट सोडवायला घेतले. हलेनात, गंजून एक झाले होते. कसंबसं झाकण काढलं तर आत कुंभारमाशीनं मातीची घरं केलेली. एकावर एक. जुनी तार काळी, कागद भुगा झालेला. या मोटरीला कित्येक वर्षांत कुणाचा हात लागलेला नव्हता.

"बापू, ही शेवटची कुठं भरली?"

"ही? ही कुठं भरली? ही जुन्या विहिरीवरची. तू दुकान टाकलंस त्याच साली जळली, तवापासनं जळकीच हाय. नव्या विहिरीवर दुसरी हाय न्हवं."

"मग दर बाजाराला ट्रॉलीत घालून कुठं न्यायचं मामा?"

बापूनं डोक्यावर हात फिरवला. "कुठंच न्हाय. आबा म्हनायचं, असू दे, मोकळी ट्रॉली उडती, वजन पायजे." मग खाली बघत म्हणाला, "फाटा वलांडला की वर गोणपाट टाकायचं."

तो बारामतीचा कारागीर या जगात नव्हताच. मी इतकी वर्षं ज्याच्याशी शर्यत लावून तार गुंडाळली तो माणूस म्हणजे एक गोणपाट होतं. तुम्ही जुनी विहीर बंद ठेवलीत, तिच्याखालचा तुकडा कोरडा पाडलात, ते एवढ्यासाठी की मला दर बाजाराला एक जळकी मोटर दाखवता यावी. मामा, एवढा दुष्टपणा सख्ख्या माणसालाच जमतो. आणि ती दुसऱ्या कुणाच्या हातातही दिली नाहीत, हेही माझ्या लक्षात आलं, पण त्यावर मी फार विचार करणार नाही.

मी ठरवलं होतं, तशीच परत पाठवायची. मातीच्या घरांसकट. तेराव्याला वरकुट्याला गेलो ते मामींना तोंडावर सांगायलाच. पंगती उठल्या, माणसं पांगली. मामी जात्याजवळ बसल्या होत्या. मी काही बोलायच्या आधी त्याच म्हणाल्या, "दत्ता, एक गोष्ट हाय. आता सांगितली तर चालंल. सांगू नगं म्हननारा गेला."

आणि त्यांनी नारळाचं सांगितलं.

त्या दिवशी तुम्ही दुकानातून घरी आलात, पिशवीतून नारळ काढला आणि उंबऱ्यावर फोडलात. आत काळा. पाणी सडलेलं. घरभर वास सुटला. मामी म्हणाल्या, "मी म्हनलं, आता सांगा की गावात, तुमचंच खरं झालं. तर माझ्या अंगावर आलं. म्हनलं, ही गोष्ट ह्या उंबऱ्याभाईर गेली तर तुझं माहेर बंद. नारळाची भकलं स्वताच्या हातानं उकिरड्यात पुरली."

मामा, मुहूर्ताचा नारळ नासका निघाला तर कुणी म्हणतं देवाला पावला. आपल्या गावात असं कुणी म्हणत नाही, हे तुम्हालाही माहीत होतं आणि मलाही. त्या दिवशी चार माणसांपुढं तो नारळ काळा निघाला असता तर माझ्याकडं पंखासुद्धा कुणी दुरुस्तीला आणला नसता. पाटी लागायच्या आत उतरली असती. आणि नंतरही, कधीही, ट्रॉलीत मोटर घालून हिंडण्याऐवजी तुम्ही पारावर बसून एवढंच म्हटलं असतं, 'पोराचा नारळ नासका हुता,' की मी संपलो असतो. सोमवारी गेटवर उभा दिसलो असतो. तुमच्याकडं एवढी धारदार कुऱ्हाड होती आणि तुम्ही मला इतकी वर्षं गोणपाटानं मारत राहिलात.

तुम्ही तो कानाशी नेऊन दोनदा हलवला होता. मी तिथंच उभा होतो, मला दिसतंय अजून. पहिल्यांदा हलवला, मग पुन्हा हलवला, मग माझ्याकडं बघितलं. तुम्हाला आत काय आहे ते कळलं होतं का? कळलं म्हणून पिशवीत टाकलात, आणि टाकायला काहीतरी कारण हवं म्हणून तोंडाला येईल ते बोललात? की खरंच माझा अपमान करायला आला होता आणि नासका निघाल्यावर घरी जाऊन घाबरलात? मामींना विचारलं. त्या म्हणाल्या, "त्यांनी कवा सांगितलंय काय?" नाहीच सांगितलं. मलाही नाही. एक वाक्य होतं, मामा. भाऊबिजेला फुर्र करताना मध्ये कधीतरी टाकता आलं असतं. पण मग तुम्हाला माझ्या घरचा चहा प्यावा लागला असता ना.

यातलं खरं काय ते मी ठरवणार नाही. ठरवलं तर माझा राग जाईल, आणि रागावर चालणाऱ्या दुकानाचं पुढं काय करायचं ते मला माहीत नाही. शिवाय तुम्ही माझी पाटीसुद्धा बिघडवलीत. मी थोबाडीत म्हणून लिहिलेलं नाव तुम्ही न बोलता खरं करून ठेवलंत. आता ती वर बघितली की मला लाज वाटते आणि लाज वाटली की अजून संताप येतो. पेंटर परवा विचारत होता, मामा गेले, आता नाव बदलायचं का. मी त्याला हाकलून दिलं.

मोटर मी भरली. मातीची घरं पटाशीनं काढली, आतला गंज घासला, नवा कागद घातला, माझ्याकडची सगळ्यात चांगली तार घातली. व्हार्निश उन्हात वाळू दिलं. असं काम मी उस्तादांसमोरसुद्धा केलं नव्हतं. तुमच्यावर उपकार म्हणून केलं नाही. कुठल्याही बारामतीच्या माणसाला ती उघडून बघू दे, असल्यास.

काल ती तुमच्या जुन्या विहिरीवर बसवली. मामींनी नारळ हातात दिला आणि म्हणाल्या, "फोड." मी तो कानाशी नेला, हलवला. पुन्हा हलवला. मग फोडला. पांढरा निघाला. मामींनी एक तुकडा तुमचा म्हणून बाजूला ठेवला, तो मी सगळ्यांदेखत उचलून खाल्ला. तुम्ही आमच्या घरची साखर चालवून घेतली नाहीत, त्याच्या बदल्यात. गोड होता.

लाइट आली, स्टार्टर दाबला, आणि वर्षानुवर्षं बंद पडलेल्या पाइपातून आधी गाळ आला, मग लाल पाणी, मग स्वच्छ. बापूनं ते ओंजळीत धरलं. मी पिशवीतून तुमचा फोटो काढला. इंदापूरच्या फोटोवाल्याकडून मोठा करून आणलाय, कारखान्याच्या कार्डावरचा, सरळ समोर बघणारा. मोटरीच्या खोलीत, मोटरीच्या बरोबर समोरच्या भिंतीवर खिळा ठोकला आणि तो टांगला. मामींनी पदर डोळ्याला लावला. "काय माया हाय पोराची," त्या बापूला म्हणाल्या. पाटी लागली तेव्हा लोक असंच म्हणाले होते.

तुम्हाला आणि मला ठाऊक आहे. आता रोज लाइट आली की माझ्या हातची मोटर तुमच्या डोळ्यांपुढं चालणार, बंद होईपर्यंत. पलीकडं ना चिंच आहे, ना टपरी. आता फिरवा मान, मामा.